‘लिहिलं’ म्हणणारं कार्ड

सर्व्हर उघडला की बहुतेकांची नजर प्रोसेसरकडे जाते. माझी जाते डिस्का सांभाळणाऱ्या रेड कार्डाकडे, आणि त्याहीआधी त्याला वायरीने जोडलेल्या छोट्याशा कपॅसिटरकडे. बव्हेरियात ऑग्सबर्गला फुजित्सूचा कारखाना होता. 2020 साली तो बंद होईपर्यंत प्रायमर्जी सर्व्हर तिथे तयार होत. जर्मनीतल्या मध्यम कंपन्यांच्या सर्व्हर-खोल्यांत ते मला अजून भेटतात. आत बरेचदा ‘प्रेड ईपी420आय’ हे रेड कार्ड असतं: आठ पोर्ट, 12 गिगाबिटचा वेग आणि स्वतःची 2 जीबी मेमरी.

माझा जीव गुंततो तो या मेमरीत. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी 1988 मध्ये रेडची कल्पना मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा जथा, एक गेली तरी डेटा शाबूत. रेड-5 मध्ये मात्र एवढासा तुकडा बदलायचा तरी चार खेपा पडतात. जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायचा हिशेब, वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. हा वेळ वाचावा म्हणून डेटा मेमरीत येताच कार्ड सांगून टाकतं, ‘लिहिलं’. डिस्कवर अजून काहीच गेलेलं नसतं. डेटाबेस त्या शब्दावर विसंबून कुणाचा तरी पगार जमा झाल्याची नोंद करतो.

वीज गेली तरी तो शब्द खरा ठरला पाहिजे. जुन्या कार्डांवरची बॅटरी मेमरीला दोन-तीन दिवस जागं ठेवायची. लांब सुट्टी आली की तेवढं पुरेलच असं नव्हतं. कपॅसिटर थोडाच वेळ टिकतो, पण तेवढ्यात मेमरीतलं सगळं फ्लॅशमध्ये उतरतं, आणि फ्लॅशला विजेची गरजच नसते. ही रचना मला फार देखणी वाटते.

कपॅसिटर थकला की नीट बसवलेलं कार्ड आपण होऊन ‘राइट-थ्रू’वर येतं, म्हणजे डिस्ककडून पोच आल्याशिवाय ‘लिहिलं’ म्हणत नाही. सगळं मंदावतं, फोन वाजू लागतात, आणि कुणीतरी सुचवतं, ‘ऑलवेज राइट-बॅक’ करून टाका, म्हणजे कपॅसिटर नसला तरी कार्ड मेमरीत येताच ‘लिहिलं’ म्हणेल. मी करू देत नाही. नवा कपॅसिटर येईपर्यंत लोकांनी थांबावं. मंदपणा सगळ्यांना दिसतो. हरवलेली नोंद कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

डिस्कच्या स्वतःच्या कॅशकडे, म्हणजे तिच्या आतल्या छोट्या मेमरीकडे, तर फार थोडे जण पाहतात. कार्डाचा कपॅसिटर तिला वाचवत नाही. कार्डाने डेटा सोपवला, डिस्कने ‘मिळाला’ म्हटलं, कार्डाने आपली प्रत सोडली आणि त्याच क्षणी वीज गेली, तर नोंद दोघांच्या मधेच नाहीशी होते. फिरत्या डिस्कांवर ही कॅश मी बंदच ठेवतो. एसएसडी असेल तर आत तिचे स्वतःचे कपॅसिटर आहेत का, हे आधी डेटाशीटमध्ये शोधतो. तशी ओळ सापडली नाही, तर ती डिस्क मी त्या सर्व्हरमध्ये बसवत नाही.