धरसोड

सायकलीचे कौतुक करणारी माणसे पुष्कळ भेटतात. तिच्या ब्रेकचे कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. सायकल विकत घेताना आपण रंग पाहतो, सीट दाबून पाहतो, घंटी वाजवून पाहतो, आणि ब्रेक एकदा सहज आवळून "ठीक आहे" म्हणतो. ब्रेकची स्थिती घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी असते. तो आहे हे आपण गृहीत धरलेले असते. तो नसला म्हणजेच त्याची आठवण होते.

कोल्हापूरच्या माणसाला मात्र ही बेफिकिरी परवडण्यासारखी नाही. पंचगंगेचा पूल ओलांडून केर्लीपर्यंत गेले की एका अंगाला जोतिबाचा डोंगर उभा राहतो; तसेच पुढे गेले तर वाघबिळापासून पन्हाळ्याची वाट वर चढते. आणि पश्चिमेकडे गगनबावडा. तिथे तर रस्ता एकदम कोकणात कोसळतो. चढताना माणसाची छाती कसाला लागते, उतरताना सायकलीचा ब्रेक.

आमच्या घरात हे सर्वांत आधी कळले ते दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. १९७९ सालच्या श्रावणातली गोष्ट. दादा सतरा वर्षांचा, मी तेरा वर्षांचा. जोतिबाचे दर्शन घेऊन आम्ही डबलसीट उतरत होतो; दादा पुढे, मी मागे कॅरिअरवर. त्या काळच्या काळ्या सायकलींना कांबीचे ब्रेक असत. हँडलखालचा दांडा ओढला की कांबी वर खेचली जाई आणि रबराचे दोन तुकडे लोखंडी रिमला आतल्या बाजूने जाऊन भिडत. कोरड्या दिवसांत हे बरे चाले. पण भिजलेल्या लोखंडावर रबर धरत नाही. दोहोंच्या मध्ये पाण्याचा पातळ पदर राहतो आणि चाक आपले फिरतच असते. पावसाची एक जोरदार सर आली. दादाने दोन्ही दांडे हातांनी आवळून धरले होते, तरी सायकल काही ऐकेना. मग त्याने पायताण रस्त्याला घासायला सुरुवात केली. तेही सुटले. शेवटी त्याने सायकल दरीच्या बाजूने वळवून डोंगराच्या अंगाला घातली आणि स्वतः खाली पडला, मी त्याच्यावर. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. त्याचा उजवा पाय मात्र तेव्हापासून किंचित आखूड आहे. त्यानंतर दादा कधी सायकलीवर बसला नाही, आणि त्या दिवसाविषयी कधी बोललाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी कथा आज कशासाठी? त्याचे कारण दादाचा मुलगा. गेल्या वर्षी तो नोकरीला लागला आणि पहिल्या पगारांतून त्याने जाड टायरची, डोंगरवाटांवर चालणारी सायकल घेतली. काही महिने पन्हाळ्याच्या वाऱ्या झाल्या. मग एके दिवशी जेवताना त्याने जाहीर केले की, आपण मित्रांबरोबर गगनबावड्याहून करूळचा घाट उतरून कोकणात जाणार. दादा काही बोलला नाही. अर्धी भाकरी ताटात ठेवून तो उठला. दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाला, "तू जरा त्याच्या सायकलीचे ब्रेक बघून घे." त्याच्या तोंडून 'ब्रेक' हा शब्द मी किती वर्षांनी ऐकत होतो!

म्हणून मी आणि पुतण्या मिस्त्रींच्या दुकानात गेलो. मिस्त्रींची सारी उमेदवारी उद्यमनगरातल्या यंत्रांवर झालेली. सायकलीकडे ते उतारवयात वळले. पुतण्याच्या सायकलीला तारेने ओढायचे डिस्क ब्रेक होते. ते काढून तेलाच्या दाबावर चालणारे बसवायचे, हा बेत होता. डिस्क ब्रेकमध्ये पकडण्याची जागाच निराळी. रिमला न धरता, चाकाच्या मध्याशी हबला बसवलेल्या पोलादी तबकडीला धरायचे. रस्त्यावरच्या चिखलपाण्यापासून ती दूर राहते, आणि तिच्या भोकांतून पाणी निसटून जाते. कल्पना काही नवी नव्हे. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०२ सालीच मोटारीसाठी तिचे पेटंट घेतले होते. १९५३ साली फ्रान्सातल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार पहिली आली, आणि मग जगाचे लक्ष तिकडे गेले. सायकलीच्या वाट्याला ती यायला आणखी काही दशके जावी लागली.

पुतण्याने आल्याआल्या मागणी केली, "पुढेमागे दोन्हीकडे २०३च्या तबकड्या बसवा."

"बसवूया की," मिस्त्री म्हणाले, "पण चिमट्याला विचारलंय काय?"

तबकड्यांचे माप मिलिमीटरमध्ये सांगतात : १४०, १६०, १८०, २०३, आणि त्याहून मोठ्याही. तबकडी जितकी मोठी तितका पकडीचा हात लांब. म्हणजे तेवढ्याच बोटांच्या जोरात चाक अधिक घट्ट धरले जाते. १६०ची १८० केली तर जोर आठव्या हिश्शाने वाढतो, २०३ केली तर सव्वापटीच्याही वर जातो. पण हा सारा ताण शेवटी येतो तो पुढच्या चिमट्यावर. चिमटा बनवणाऱ्याने त्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. मिस्त्रींनी चिमट्याबरोबर आलेली पुस्तिका मागवून घेतली आणि एका आकड्यावर बोट ठेवले. १८०. विषय संपला.

मागे १६०चीच ठेवायची ठरली. त्याचेही कारण आहे. ब्रेक दाबला की सारा भार पुढे झुकतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला फार जोरात धरले तर ते थांबण्याऐवजी घसरते. थांबवणारे खरे चाक पुढचे.

मग काम सुरू झाले. तबकडीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहून ती हबवर बसवली. सहा बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. तबकडीला बोट लावायची पुतण्याला सक्त मनाई होती. हाताचे तेलसुद्धा पॅडांना चालत नाही. १८०च्या तबकडीसाठी कॅलिपर थोडे वर घ्यावे लागते, म्हणून खाली अडॅप्टरचा तुकडा आला. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल सोडून लिव्हर दाबून धरली की ते आपोआप तबकडीच्या मध्यावर येते. तसेच दाबून ठेवून बोल्ट आवळायचे. मागे पांढरा कागद धरून मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी उजेडाची रेघ दिसते का ते पाहिले. नळीतली हवा काढायला वेळ लागला. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून हवेचा एक बुडबुडा राहिला तरी लिव्हर ओल्या स्पंजासारखी लागते.

हे सर्व चालू असताना दादा केव्हा येऊन उंबऱ्याशी उभा राहिला ते मला कळले नाही. त्याने एकच विचारले, "पावसात धरतोय काय?"

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. तांब्याभर पाणी तबकडीवर ओतले, टांगलेल्या सायकलीचे चाक जोरात फिरवले आणि म्हणाले, "तुम्हीच धरा की." दादा पुढे झाला. दोन बोटांनी त्याने लिव्हर ओढली. चाक क्षणभर कुरकुरले आणि जागच्या जागी उभे राहिले. दादाने बोटे सोडली, चाक पुन्हा फिरवायला सांगितले, पुन्हा धरले. असे त्याने चार-पाच वेळा केले. मी त्याच्या तोंडाकडे पाहायचे टाळले.

निघताना मिस्त्रींनी पुतण्याला दोन गोष्टी बजावल्या. पहिली, नवे ब्रेक लगेच घाटात न्यायचे नाहीत; रंकाळ्याच्या कडेला पहाटे वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन सावकाश कमी करायचा, म्हणजे पॅड आणि तबकडी एकमेकांना सरावतात. दुसरी गोष्ट अशी : "घाटात ब्रेक धरून बसू नका. वळणाच्या आधी नीट धरायचा, आणि मग सोडायचा."

ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात घोळत राहिली. ब्रेक वेगाला नाहीसे करतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो वेगाची उष्णता करतो. माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो वजन तीनशे मीटर खाली आणायचे, तर वारा त्यातला जो वाटा घेईल तो सोडून, सुमारे पाच कप चहाचे आधण उकळेल इतकी उष्णता ब्रेकला पोटात घालावी लागते. मोठी तबकडी लावायची ती नुसत्या जोरासाठी नव्हे. ही उष्णता सामावायला आणि वाऱ्यावर सोडायला तिच्याजवळ अधिक जागा असते म्हणून. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या सायकलींवर डोंगर उतरण्याची शर्यत सुरू केली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट उतार. त्यांचे ब्रेक मागच्या हबच्या पोटात असत; खाली येईपर्यंत ते इतके तापत की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि प्रत्येक वेळी नवे भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. सतत धरलेला ब्रेक असा तापतो, आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणावर दगा देतो. धरायचे आणि सोडायचे. सोडलेल्या त्या चार क्षणांत तबकडीला वारा लागतो.

आपल्याकडे धरसोड हा दुर्गुण मानतात. धरसोड वृत्तीच्या माणसाच्या हातून काही होत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. घाट उतरणाऱ्याला मात्र धरसोडीवाचून गती नाही. आणि मला वाटते, बापालाही नाही. दादाने जोतिबाच्या त्या उतारावर जो ब्रेक आवळला तो पुढे कधी सोडलाच नाही. मुलगा पंचगंगेत पोहायला निघाला, दादाने धरला. मोटारसायकल मागितली, धरला. सहलीला निघाला, धरला. बोलून दाखवले असते तर त्या भीतीला थोडा वारा तरी लागला असता. पण तो गप्प राही, आणि घरात उगाचच सगळे तापलेले असे. मुलाला वाटे, बाप तऱ्हेवाईक आहे. त्याला त्या पायाची हकिकत कोणी सांगितलीच नव्हती.

दुकानातून परतल्यावर त्या रात्री दादाने ती सांगितली. मी आतल्या खोलीत होतो. फार वेळ दोघांचे बोलणे चालले होते.

पुतण्या निघाला त्या पहाटे दादा दारापर्यंत आला. एरवी "सावकाश जा" हे तो दहा वेळा म्हणतो. त्या दिवशी म्हणाला, "वळणाच्या आधी धर. मग सोड." आणि आत गेला.

संध्याकाळी मुलाचा पोचल्याचा फोन आला. तोवर दादाने स्वतः एकदाही फोन केला नव्हता. फोन मात्र दिवसभर त्याच्या हातात होता.