दुसरा बोर्ड

मंडळी, सध्या मुक्काम सॅन डिएगोला, लेकीकडे. तिला उभ्याने वल्हवायच्या पॅडलबोर्डचा नाद आहे. मोठ्या आजारपणानंतर याच नादाने ती घराबाहेर पडू लागली. पहिला बोर्ड १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद. मिशन बेच्या संथ पाण्यात पाटासारखा स्थिर, पण लाटेवर लवकर वळत नाही. म्हणून लाटांसाठी दुसरा हवा.

दुकानात तिचा डोळा ९० लिटरच्या छोट्या बोर्डावर. मी पडले मास्तरीण, गणित मांडलं. जितके लिटर, ढोबळमानाने तितके किलो तरतात. तिचे ७०, वर वेटसूट, वल्हं आणि खुद्द बोर्ड मिळून ८२-८३. म्हणजे लाटेची वाट बघतानाच बोर्ड जवळजवळ बुडालेला, पाय लटपटणार. दहादा पडल्यावर अकराव्यांदा चढायची उमेद राहिली नाही, तर नादच सुटायचा.

"आई, मग त्यात आव्हान काय राहिलं?"
"लाट आहे की!"

शेवटी ८ फूट १० इंच लांब, १२० लिटरचा घेतला. आखूड, म्हणून वळतो. जाड, म्हणून पेलतो. जुनाही ठेवलाय. वरच्या वर्गात गेलं म्हणून खालचं पुस्तक रद्दीत घालू नये. असो.