नव्वद व्होल्टांची चूक

ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव त्यास मिळालें, पुढें डॉ. दादासाहेब भडकमकर यांचें देण्यांत आलें. पण लोकांच्या तोंडीं जुनेंच राहिलें. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तेथें गेलों तें हौसेनें नव्हे, प्रायश्चित्तासाठीं.

हकीकत अशी. आमच्या घरीं वडिलांचा व्हॉल्व्हचा, बॅटरीवर चालणारा, हातांत धरून नेण्याजोगा रेडिओ आहे. १९५५ सालीं वाईजवळच्या आमच्या खेड्यांत वीज नव्हती. त्या वर्षीं १ एप्रिलपासून पुणें केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झालें. त्यांतलीं छप्पन्न गीतें मातोश्रींनीं, तेव्हां नव्या नवरी, माजघराच्या दाराआडून ऐकलीं. आतां नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांस त्या पेटीचा आवाज एकदां ऐकावयाचा होता.

आम्हीं झिरपणारे कागदी कंडेन्सर काढून नवे डागले. जुनी नव्वद व्होल्टांची बॅटरी आतां मिळत नाहीं. म्हणून नऊ व्होल्टांच्या दहा बॅटऱ्या एकापुढें एक जोडल्या. फिलॅमेंटसाठीं दीड व्होल्टाचा निराळा सेल. येथवर ठीक होतें. पण जोडतांना तारांची अदलाबदल झाली, आणि केसाहून बारीक फिलॅमेंटांवर नव्वद व्होल्ट गेले. चारी व्हॉल्व्ह क्षणभर लखलखले व विझले. मातोश्री इतकेंच म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनीं तो कोणाच्या हातीं दिला नाहीं, तें उगीच नव्हे.”

लॅमिंग्टन रोडवरच्या तरुण दुकानदारांनीं व्हॉल्व्ह पाहिलेच नव्हते. एका वृद्धानें चोरबाजाराची वाट दाखविली. मटन स्ट्रीटवर ग्रामोफोनचे कर्णे, लंबकाचीं घड्याळें, हंड्या-झुंबरें यांच्या दाटींत एक म्हातारे व्यापारी बसले होते. त्यांनीं बिस्किटांच्या डब्यांतून १आर५, १टी४ व १एस५ काढून दिले; ३एस४ मात्र फळीवरच्या एका निकामी रेडिओंतून उपसला. प्रत्येकाची फिलॅमेंट मीटरनें तपासून ते म्हणाले, “मास्तर, आधीं मीटर, मग व्हॉल्व्ह.” चाळीस वर्षें ‘आधीं पदच्छेद, मग अर्थ’ असें मुलांस बजावणाऱ्या आम्हांस तो धडा मुकाट्यानें घ्यावा लागला.

घरीं येऊन खोबणींतील दाब तीनदां मोजला, आणि मगच व्हॉल्व्ह बसविले. या जातीच्या व्हॉल्व्हांस तापावयास वेळ लागत नाहीं. कळ फिरवितांच खरखर झाली, आणि मग कुठलेंसें गायन उमटलें.

“आई, गाणें निराळें आहे,” आम्ही म्हणालों.

“असूं दे. आवाज तोच आहे.” मग थोडें थांबून, “मलाहि त्यांनीं कधीं हात लावूं दिला नव्हता रे.”

आम्हीं पेटी त्यांच्यापुढें सरकविली. थरथरत्या बोटांनीं त्यांनीं कांटा सावकाश फिरविला. गाणें गेलें, खरखर आली, पुन्हां दुसरें गाणें लागलें. त्या रात्रीं कोणतें केंद्र लावावें, हें त्यांनींच ठरविलें.