तीन लाखांची सूट

"सर, तीन लाख सुटतील. पण हे फक्त तुमच्यासाठी हं, बाहेर कुणाला बोलू नका."

शोरूममधल्या पोराने आवाज एकदम खाली आणला आणि आकडा लिहिलेला कागद माझ्याकडे सरकवला. ऐकायला आजूबाजूला कुणीच नव्हतं. दारापाशी एक वॉचमन तंबाखू मळत उभा होता, तेवढाच. तरी मीही आवाज खाली आणून विचारलं, "ऑन रोड?"

"ऑन रोड, सर. साडेपंचवीसची साडेबावीस. एकतीस डिसेंबरपर्यंतच."

गोष्ट २०२५ च्या डिसेंबरातली, आमच्या नांदेडची. माझी जुनी डिझेल गाडी आता धूर कमी आणि खर्च जास्त काढायला लागली होती, म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचं मनात होतं. तीन लाखांची सूट ऐकून माणसाला आनंद व्हायला पाहिजे. मला झालाही, साधारण अर्धा मिनिट. मग पोटात गोळा आला.

कारण ती गाडी मला नवी नव्हती. नऊ महिन्यांपूर्वी तीच गाडी, तेच मॉडेल, रंगसुद्धा तोच, मीच पसंत करून दिली होती. लातूरच्या दाजींना. पूर्ण किमतीला.

दाजींचं तेव्हा नक्की होत नव्हतं. "दिवाळीपर्यंत थांबू का?" असं ते चार वेळा म्हणाले असतील. पण मी पेपर वाचणारा माणूस! मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला होता. मी लगेच भाकीत केलं, "दाजी, आज तीस लाखांवर आहे, उद्या वीसवर येईल. आत्ताच घ्या. आणि नवीन मॉडेलवर सूट मिळतच नसते, थांबून उपयोग नाही." तो कर सरकारने त्याच महिन्यात मागे घेतला. माझं भाकीत मात्र मी मागे घेतलं नाही. पाडव्याला, ३० मार्चला, गाडी दाजींच्या दारात उभी राहिली. ताईने ओवाळलं. फोटोत मी सगळ्यात पुढे आहे.

शोरूममधून घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. ही सूट म्हणजे नेमकं काय असतं, ते एकदा मांडून बघावं म्हटलं. कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, नोकरदारांसाठी कॉर्पोरेट, वर्षअखेरीचं वेगळं. यातलं एक्स्चेंजचं कोडं मला लवकर सुटलं. आधी माझ्या जुन्या गाडीची किंमत बाजारापेक्षा कमी धरायची आणि मग त्यावर बोनस म्हणून हसत हसत परत द्यायची. आपणच आपल्या खिशातून काढून दिलेले पैसे आपल्यालाच बक्षीस! वर्षअखेरीचं कारण सरळ आहे. एक जानेवारी उजाडली की डिसेंबरात तयार झालेली गाडीसुद्धा 'गेल्या वर्षीची' होते. हार घातलेली कोरी गाडी एका रात्रीत एक वर्षाने म्हातारी.

पण हे झालं वरवरचं. खालीही बरंच काही चाललेलं आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा. ब्लूमबर्ग-एनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरीचा जागतिक सरासरी भाव काढते. २०१० च्या सुमारास तो किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२३ मध्ये १३९ आणि २०२४ मध्ये ११५. गाडीत साठ किलोवॅट-तासांची बॅटरी धरली तर त्या एका वर्षातच १,४४० डॉलर, म्हणजे लाख-सव्वा लाख रुपये नुसते बॅटरीत कमी झाले. टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत फेब्रुवारी २०२४ मध्ये १ लाख २० हजारांपर्यंत खाली आणली, तेव्हा कारण बॅटरीच्या उतरलेल्या भावाचंच दिलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात सणासुदीसाठी पुन्हा तीन लाखांपर्यंत उतरवली. म्हणजे दाजी घेणार होते त्याच्या वर्षभर आधीपासून हे सगळं दिसत होतं. मी पेपरात फक्त करच वाचत होतो.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत कर जायचा, तो चाळीसवर आला. छोट्या गाड्यांचा अठ्ठावीसचा अठरा झाला. इलेक्ट्रिकवर २०१९ पासून पाच टक्के होता, तो पाचच राहिला. शेजारच्या दुकानातला माल स्वस्त झाला की आपल्यालाही भाव खाली आणावा लागतो, एवढं गणित कुणालाही कळतं.

म्हणजे कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तरी पोटातला गोळा काही गेला नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मी सांगितलं म्हणू नको, पण हे गाडी काढायची म्हणायलेत."

मी गप्प. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना माहीत आहे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरची मांजरा नदी पिकांवरून वाहत होती. दाजींचं बारा एकर सोयाबीन गेलं. पण खरा फटका दुकानाला. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं-खत जूनमध्ये उधारीवर जातं आणि सोयाबीन विकलं की वसुली येते. सरकारी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, पण भिजून काळ्या पडलेल्या दाण्याला तो कोण देणार? शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, मग दुकानात कुठून येणार? आणि वरच्या कंपन्यांना तर दाजींनी वेळेवर द्यायचे.

"जुन्या गाड्या घेणारा सतरा म्हणाला," ताई म्हणाली. "उन्हाळ्यात तोच माणूस, वीस-एकवीस कुठं जात नाहीत म्हणत होता."

जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावावर उभा असतो. नव्याचे तीन लाख सुटले की जुन्याचेही सुटतात, फक्त ते सुटतात दुसऱ्याच्या खिशातून. मला मिळालेली सूट आणि दाजींचा तोटा हे एकाच नाण्याचे... असो, तीन लाखांच्या गोष्टीत नाण्याचं काय घेऊन बसलात.

रविवारी जुनी डिझेल काढली आणि निघालो. नांदेड ते लातूर साधारण एकशे चाळीस किलोमीटर. लोहा ओलांडलं की माळेगाव लागतं. खंडोबाची यात्रा तिथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी आणि देवणीची जनावरं, सगळा बाजार रस्त्याच्या कडेला. लहानपणी वडिलांबरोबर जनावरांच्या बाजारात गेलो की मला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. दोन माणसं हातावर रुमाल टाकून उभी राहायची, रुमालाखाली बोटं चालायची, आणि तोंडाने कुणी अक्षर बोलायचं नाही. भाव त्या दोघांतच राहायचा. गाडीत बसल्या बसल्या वाटलं, शोरूममधला तो पोरगा दुसरं काय करत होता? रुमालाऐवजी कागद होता इतकंच.

उलट्या बाजूचं उदाहरणही आमच्या मराठवाड्यातच आहे. २०१० मध्ये औरंगाबादच्या (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे पासष्ट कोटींच्या. देशभर चर्चा झाली ती श्रीमंतीची. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. दीडशे जण एकत्र बसले की कानात बोलायला जागाच उरत नाही. एकट्याने मागितली की ती सूट, सगळ्यांनी मिळून मागितली की तो भाव.

लातूरला पोचलो तेव्हा गाडी अंगणात चार्जिंगला लावलेली होती. धुऊन पुसून लख्ख. दाजी खुर्ची टाकून बसले होते. चहा आला. मी पावसाबद्दल बोललो, भाच्याच्या अभ्यासाबद्दल बोललो, रस्त्याबद्दल बोललो. गाडीकडे बघायचं टाळत होतो. शेवटी दाजीच म्हणाले,

"किती सांगितली रे सूट?"

"कसली?"

"गाडी बघायलास म्हणं. नांदेडला किती सांगायलेत?"

"...तीन."

"मला इथं सव्वातीन सांगितली."

मला काही कळेना. "तुम्ही कशाला विचारलं?"

"सहज," दाजी म्हणाले. मग थोडं थांबून, "गेलो होतो एक दिवस. नवीन घ्यायची आहे म्हणून विचारलं. त्या पोरानं कानात सांगितलं, फक्त तुमच्यासाठी म्हणून."

दारात तीच गाडी असलेला माणूस शोरूममध्ये जाऊन तिचा भाव विचारून येतो, आणि घरी कुणाला सांगत नाही. यावर मी काय बोलणार? जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने चीनमध्ये किमती उतरवल्या, तेव्हा नुकत्याच गाड्या घेतलेल्यांनी शोरूमसमोर जाऊन आरडाओरडा केला होता. तेव्हा मी हसलो होतो, म्हटलं, भाव उतरला म्हणून कुणी भांडतं का? दाजी भांडले नव्हते. त्याचाच त्रास जास्त झाला.

"माझं चुकलं दाजी. मीच घाई करायला लावली."

"तुझं काय चुकलं? ज्या दिवशी माल घेतला त्या दिवशीचा तो भाव." ते गाडीकडे बघत म्हणाले. "पण एक सांगतो. माझ्याकडनं बियाण्याची बॅग एकानं सकाळी नेली आणि संध्याकाळी मी दुसऱ्याला शंभरनं कमी दिली, तर सकाळचा माणूस भांडत नाही. काहीच म्हणत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून मी सकाळच्याला बोलावून शंभर परत देतो. तीस वर्षं झाली."

एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे कसं परवडावं, असं मी म्हणणार होतो. नाही म्हणालो. कारण तेव्हा मला कळलं की या व्यवहारात शंभर परत द्यायला मी आहे.

"दाजी, गाडी मला द्या."

"पाव्हण्यात व्यवहार करू नये," ते लगेच म्हणाले. आतून ताईचा भांड्यांचा आवाज थांबला.

मी खिशातला कागद काढला. विमा कंपन्या सहा महिने ते वर्ष झालेल्या गाडीची किंमत पंधरा टक्क्यांनी कमी धरतात. त्यांचा हिशेब एक्स-शोरूम किमतीवर असतो, मी ढोबळपणे ऑन रोडवरच केला. साडेबावीसमधून पंधरा टक्के गेले की एकोणीसच्या थोडं वर. सूट नसती तर साडेपंचवीसमधून गेले असते, म्हणजे साडेएकवीसच्या थोडं वर. मधले अडीच लाख कुणाचे? निम्मे बाजाराचे, ते दाजींनी सोसावेत. निम्मे माझ्या सल्ल्याचे. "साडेवीस," मी म्हणालो.

दाजी हसले. पुरानंतर पहिल्यांदा हसले, असं ताई नंतर म्हणाली. खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबली. मला ती भाषा येत नाही. त्यांनीच तोंडाने अर्थ सांगितला, "एकोणीस. आणि घेणाऱ्यानं भाव वाढवायचा नसतो, बाजारात लोक हसतील."

"साडेवीस."

"एकोणीस."

"वीस," ताई दारातून म्हणाली. "आणि तुझा चहा गार झालाय."

वीसला ठरलं. शोरूममधली कोरी साडेबावीसला होती, म्हणजे मी फार मोठा त्याग वगैरे केलेला नाही, उगीच गैरसमज नको. गाडी घ्यायच्या आधी वॉरंटीचं पुस्तक वाचलं. काही कंपन्यांची बॅटरीची वॉरंटी पहिल्या मालकाला एक आणि दुसऱ्याला वेगळी असते, तुम्ही घेणार असाल तर तेवढं बघून घ्या. बँकेचा बोजा उतरवणं, फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस, हे सगळं रीतसर केलं. आता एमएच २४ ची पाटी एमएच २६ च्या गावात फिरते. सिग्नलला कुणीतरी विचारतंच, "लातूरचे का?" मी हो म्हणतो.

दाजींनी त्या पैशातून दुकानाची देणी मिटवली. ते सध्या भाच्याच्या मोटारसायकलवर फिरतात. ताई म्हणते, मागे बसून जातात आणि भाच्याला सारखं हळू चालव म्हणतात.

एकतीस डिसेंबरला दुपारी शोरूममधल्या त्या पोराचा फोन आला. तोच खाली आणलेला आवाज. "सर, साडेतीन करून देतो. फक्त तुमच्यासाठी."

मी म्हटलं, गाडी घेतली बाबा. फोन ठेवल्यावर मात्र आठवडाभर आधी तीन लाखांच्या सुटीवर खूश होऊन, पेढे वाटून गाडी नेलेला कुणीतरी माणूस नांदेडात असणार, असं उगीच वाटत राहिलं. त्याला कुणी फोन केला नसेल.

दाजींना हे सांगितलेलं नाही. त्यांना माहीत असेलच.