न उघडलेल्या राउटरचं पोस्टमॉर्टेम

संपादक मंडळाचा मेल आला, "सर, परदेशातल्या अनुभवावर काहीतरी लिहून द्या." मी जुने अंक काढून बघितले. बर्फ, किल्ले, वेळेवर येणाऱ्या ट्रेन (हे ज्याने लिहिलंय तो जर्मनीत बहुतेक दोनच दिवस राहिला असावा), मेसच्या जेवणाची आठवण... सगळं येऊन गेलंय. म्हणून मी राउटरवर लिहितोय. हसू नका. तुमच्या रूममध्ये वाय-फाय गेलं तर फार फार तर मॅच अर्धी राहते. मी सांगतोय त्या घरात राउटर गेला तेव्हा प्रश्न एका ८१ वर्षांच्या बाईच्या जिवाचा होता.

२०२२ ते २०२४ मी ग्योटिंगनला होतो. गाव छोटं, विद्यापीठाचं. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या तिथे भरपूर, त्यातल्याच एकीत मला पाठवलं होतं. राहायला एका जुन्या घराचा वरचा मजला. खाली घरमालकीण, एकट्या. तोंडावर "फ्राऊ अमुक" असं आडनावाने म्हणायचं, अहोजाहो करायचं. मनात मात्र मी त्यांना आजीच म्हणायचो. घरात इंटरनेटचं कनेक्शन एकच, आजींच्या नावावर. अर्धे पैसे मी द्यायचो. राउटर खालच्या पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर.

आजींच्या गळ्यात एक बटण असायचं. लाल, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. तिकडे त्याला हाउसनोटरूफ म्हणतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय असते. बाथरूममध्ये पडलात, उठता येत नाही, तर बटण दाबायचं. घरातला एक डबा फोनच्या लाइनवरून मदत केंद्राला फोन लावतो आणि स्पीकरमधून माणूस बोलतो, "काय झालं?" आजी २०२१ मध्ये एकदा पडल्या होत्या, तेव्हापासून ते गळ्यात.

आता इथे गोम आहे. आपल्याकडे जुना लँडलाइन फोन लाइट गेली तरी चालायचा, आठवतं? त्याला लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून त्याच दोन तारांतून यायची. आमच्या साताऱ्याच्या घरी लोडशेडिंगमध्ये सगळं बंद, फोन चालू. जर्मनीतही तसंच होतं. पण गेल्या दशकात तिथली जुनी फोनव्यवस्था जवळपास सगळी इंटरनेटवर नेली. म्हणजे फोनचं यंत्र तेच, पण त्याची वायर भिंतीत न जाता राउटरच्या पाठीत जाते. राउटर गेला की इंटरनेट गेलं, फोन गेला, आणि आजींच्या गळ्यात उरलं फक्त प्लॅस्टिक. ज्याने कोणी हे सगळं एका दीडशे ग्रॅमच्या डब्यात कोंबलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. बॅटरी बॅकअप द्यायचं मात्र राहिलं.

शनिवार, ११ नोव्हेंबर २०२३. सेंट मार्टिनचा दिवस. संध्याकाळी लहान पोरं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने जातात. आपल्याकडे त्याच वेळी आकाशकंदील, कारण दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. साडेसातला माझा मोबाइल वाजला. आजींची हॅम्बुर्गची मुलगी. "आईला रोज सातला फोन करते, आज लागतच नाही. जरा बघता का?" मी खाली गेलो. आजी ठणठणीत, सूप पीत होत्या. फोन मेलेला. राउटरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत होता.

पहिलं काम म्हणजे भानगड कुठल्या टप्प्यावर आहे ते बघणं. लॅपटॉपला वाय-फाय मिळत होतं, पत्ताही १९२.१६८ वालाच आला. (राउटरने पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. तो दिसला तर समजा गडबड घरातच आहे.) राउटरला पिंग केलं, लगेच उत्तर. ८.८.८.८ ला पिंग केलं, काही नाही. म्हणजे राउटरपर्यंत सगळं ठीक, पुढे नाही. राउटरचं पान उघडलं तर लॉगमध्ये एकच रडगाणं: सिंक झालं, दोन मिनिटांनी तुटलं, सिंक झालं, तुटलं...

सिंक म्हणजे काय ते सेकंड इयरच्या पोरांसाठी सांगतो. डीएसएल ही फोनच्याच दोन तांब्याच्या तारांवर चालते. रस्त्याच्या कडेच्या पेटीतलं यंत्र आणि घरातला मोडेम आधी एकमेकांना सूर जुळवून घेतात, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती बिट्स जातील ते ठरवतात. यात युजरनेम, पासवर्ड काही लागत नाही. लॉगिन त्याच्या नंतर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दोन तारांवरून आठवलं. याच ग्योटिंगनमध्ये १८३३ साली गाउस आणि वेबर या दोघांनी वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये घरांच्या छपरांवरून सुमारे एक किलोमीटर तार ओढून तिच्यावरून संदेश पाठवले होते. हो, तोच गाउस, ज्याच्या नावाने तुम्ही एम-थ्रीमध्ये शिव्या घालता! १८४५ मध्ये वीज पडून ती तार गेली. गावात दोघांचा पुतळा आहे, गाउस खुर्चीत बसलेला आणि वेबर उभा. मला तो पुतळा नेहमी व्हायव्हासारखा वाटायचा. असो.

हेल्पलाइनला फोन लावला. वीस मिनिटं संगीत. मग एक मुलगा, आवाज गोड. कनेक्शन आजींच्या नावावर, म्हणून आधी आजींनी जन्मतारीख सांगायची, मग मी बोलायचं. त्याने राउटर बंद-चालू करायला लावला. केला. त्याने आपल्या बाजूने लाइन तपासली आणि सांगितलं, लाइन ठीक वाटते, तरी गुरुवारी सकाळी आठ ते बारामध्ये टेक्निशियन येईल. मी म्हटलं, गुरुवारी? इथे हाउसनोटरूफ आहे. त्याला वाईट वाटलं, मनापासून वाटलं असावं, पण गुरुवार तो गुरुवार. तक्रारीचा नंबर तेवढा लिहून घेतला. १ डिसेंबर २०२१ पासून तिथे कायदा आहे की तक्रार दोन दिवसांत निवारली नाही तर तिसऱ्या दिवसापासून कंपनीने रोज भरपाई द्यायची, पाच युरो किंवा महिन्याच्या भाड्याच्या दहा टक्के, जे जास्त असेल ते. पाचव्या दिवसापासून दुप्पट. कायदा छान आहे. पण रात्री दोनला बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला पाच युरो उचलत नाहीत.

आजींकडे मोबाइल होता, कपाटात, बंद. तो चार्ज केला. पण पडताना मोबाइल हातात थोडाच असतो? मी आईला फोन केला. साताऱ्यात मध्यरात्र उलटून गेलेली, पण करंज्यांचं तळण चालू होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे मग तू खाली झोप की. त्यात काय एवढं!" मी आजींना विचारलं. त्या सरळ नाही म्हणाल्या. परका माणूस आपल्या हॉलमध्ये झोपणार हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. मग तोडगा निघाला. ख्रिसमसच्या सामानातली एक पितळी घंटा त्यांनी दोरीने मनगटाला बांधली, आणि मी माझं जिन्याकडचं दार उघडं ठेवून झोपलो.

सव्वादोनला घंटा वाजली. मी दोन-दोन पायऱ्या टाकत खाली. पॅसेजमध्ये पाय सटकला, कपाटावर आपटलो, डोक्यात नाही नाही ते विचार. आजी गाऊन घालून दारात उभ्या. म्हणाल्या, "टेस्ट. यंत्रणा चालते का नाही ते तपासलंच पाहिजे. बावीस सेकंद लागले." आणि दार लावून घेतलं. मी तिथेच पायरीवर पाच मिनिटं बसून राहिलो.

रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, त्यामुळे नवीन राउटर मिळणं शक्यच नाही. पण खात्री केल्याशिवाय नवीन आणायचा तरी कशाला? आपल्या हॉस्टेलवर २००४-०५ च्या सुमारास लॅन म्हणजे खिडकीतून खिडकीत लोंबणारी केबल. ती बंद पडली की अख्खा मजला बोंबलायचा आणि जो तो आपापलं मशीन फॉर्मॅट मारायला बसायचा. इलेक्ट्रॉनिक्सचा एक सीनियर मात्र काही न बोलता एक चालू केबल घेऊन यायचा आणि एकेक जागी लावून बघायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. तीन लेक्चरमध्ये न कळलेलं ट्रबलशूटिंग मी त्याच्या मागे टॉर्च धरून शिकलो.

तर तेच केलं. फोन, आजींचा डबा, माझी केबल, सगळं राउटरमधून काढलं, फक्त वीज आणि लाइन ठेवली. सिंक तुटतंच. तळघरात जुनी डीएसएल केबल होती, ती लावली. तेच. मग अडॅप्टर. मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट, पण त्यावर जाऊ नका. म्हातारा अडॅप्टर लोड नसताना छान दाखवतो आणि लोड आला की बसतो. माझ्या हार्डडिस्कचा १२ व्होल्टचा अडॅप्टर होता, पिन तीच. पोलॅरिटी बघितली, अँपिअर पुरेसे आहेत ते बघितलं, लावला. तेच. आता उरली भिंतीतली लाइन आणि राउटर स्वतः. भिंतीतल्या पहिल्या सॉकेटचे स्क्रू मी उघडले नाहीत, ती हद्द कंपनीची.

शेजारच्या घरी डीएसएलच होतं. रविवारी दुपारी कुणाची बेल वाजवणं म्हणजे जर्मनीत धाडसच. म्हणून आईने पाठवलेल्या चकल्यांचा डबा घेऊन गेलो. काका सत्तरीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. चकली तोंडात टाकली आणि विचारलं, "हे स्क्रूसारखं काय आहे?" मग प्रकरण सांगितलं. त्यांचा राउटर आमच्या भिंतीला लावला. तीन मिनिटांत सिंक, दिवा स्थिर. अर्धा तास बघत बसलो, हलला नाही. लॉगिन अर्थातच झालं नाही, पण मला सिंकच बघायचं होतं. आमचा राउटर त्यांच्या भिंतीला लावला. सहा मिनिटं टिकला आणि तुटला. नंतर दोन-दोन मिनिटांनी तुटत राहिला. निकाल लागला, लाइन निर्दोष, राउटर दोषी.

पण सहा मिनिटं का? घरी तर दोनच टिकायचा. मी तो हातात धरून नोव्हेंबरच्या थंडीतून नेला होता, वाटेत काकांशी अंगणात गप्पा झाल्या, तेवढ्यात तो गार झाला. तापला की सूर सुटतो. आणि चपलांच्या कपाटाला लागूनच हीटर होता, थंडी सुरू झाल्यापासून रात्रंदिवस चालू. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेल तर ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. तो डबा तिथे सात हिवाळे भाजत होता.

पुन्हा हेल्पलाइन, या वेळी सगळे प्रयोग क्रमाने सांगितले. पलीकडच्या बाई म्हणाल्या, बरं, टेक्निशियन रद्द, नवीन राउटर पोस्टाने पाठवते, दोन-तीन दिवस. लक्ष्मीपूजन मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर पाहिलं. दुसरी रात्र घंटेवर काढली. वाजली नाही, आणि न वाजल्यामुळेही झोप लागली नाही.

सोमवारी कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं आणि दुकान उघडायला दारात हजर. तिथे २०१६ च्या ऑगस्टपासून कायद्याने ग्राहक आपल्या पसंतीचा राउटर लावू शकतो, कंपनीचाच घ्यायची सक्ती नाही. पण शेल्फवरचा कोणताही उचलून चालत नाही. निम्म्यांना डीएसएल मोडेमच नसतो, आणि फोन लावायचं भोक तर त्याहून कमी जणांना. पुण्याहून इथला फायबरचा राउटर बॅगेत घालून नेणाऱ्यांनी हे वाचावं.

लॉगिनचा तपशील लागणार होता. आजींनी कपाटातून फाइल काढली, पाठीवर "फोन" असं लिहिलेली, आणि कनेक्शन घेतलं त्या वर्षीचं कंपनीचं पत्र अर्ध्या मिनिटात समोर ठेवलं. आमच्या घरी गॅसचं पुस्तक सापडायला दिवस जातो! वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मी मुद्दाम जुनेच ठेवले. हे करून बघा, मग आजींचा टॅबलेट, प्रिंटर, माझा टीव्ही, कशालाच हात लावावा लागत नाही, सगळे मुकाट्याने नव्या राउटरला चिकटतात. फोन नंबर रजिस्टर झाला, डायलटोन आला. शेवटी आजींचा डबा लावला. राउटर या वेळी हीटरपासून लांब, भिंतीवर उंच.

"दाबा," मी म्हटलं. आजींनी गळ्यातलं बटण दाबलं. डबा टिकटिकला, आणि मग एका बाईचा आवाज पॅसेजभर घुमला, "काय झालं? मदत हवीय का?" आजी ताठ उभं राहून म्हणाल्या, "टेस्ट." मग माझ्याकडे वळून, "एकोणीस सेकंद. तुम्ही तीन सेकंदांनी कमी पडलात." संध्याकाळी सातला खालून फोनची घंटा ऐकू आली आणि मी वर भात लावला.

भरपाईचा प्रश्न आला नाही, आम्ही दोन दिवसांतच काम उरकलं होतं. बुधवारी कंपनीचाही राउटर आला. त्यात सगळं सेटिंग भरून मी तो कपाटात ठेवला, वर चिठ्ठी लावली. आजींना मी म्हटलं, गाडीत स्टेपनी ठेवतोच ना. महिन्याचं भाडं पडणार होतं, त्या हो म्हणाल्या. डिसेंबरमध्ये मुलीने हाउसनोटरूफचा डबा बदलून सिमकार्ड आणि बॅटरीवाला घेतला. तो लाइट गेली तरी चालतो.

जुना राउटर भाड्याचा, परत पाठवणं भाग होतं. माझ्या टेबलावर तो चार दिवस पडून होता, शेजारी स्क्रूड्रायव्हर. आत कुठला कपॅसिटर फुगलाय ते बघायची फार इच्छा होती. पण कव्हर उघडलं तर ते आजींच्या खात्यावर. रविवारी काकांनी रिकामा डबा परत आणून दिला आणि विचारलं, ते स्क्रू अजून आहेत का? सोमवारी मी पार्सल चिकटवलं आणि पोस्टात टाकून आलो.