कर्ज आधीं कीं तरतूद आधीं?

संस्कृत भाषेनें धनकोस ‘उत्तमर्ण’ व ऋणकोस ‘अधमर्ण’ अशीं नांवें दिलीं आहेत. ऋणाच्या व्यवहारांत जो वरच्या बाजूस तो उत्तम व जो खालच्या बाजूस तो अधम, एवढाच त्या समासांचा सरळ अर्थ. तथापि छत्तीस वर्षें मुलांना हे शब्द शिकवितांना आम्हांस असें आढळून आलें कीं, ‘अधम’ हा शब्द फळ्यावर लिहितांच वर्गांतील कर्जबाजारी घरचीं मुलें माना खालीं घालीत. ही लज्जा आमच्या वर्गाच्या रक्तांतच आहे. तूप पिण्यासाठीं खुशाल ऋण काढावें असा उपदेश करणारा जो श्लोक चार्वाकाच्या नांवावर खपतो, तो आमच्या घरीं थट्टेपुरता म्हणत; आणि देव, ऋषि व पितर यांचीं तीन ऋणें जन्मतःच डोक्यावर असतां चौथें कशास, असें आमचे तीर्थरूप विचारीत असत.

परंतु आजच्या मध्यम स्थितीच्या कुटुंबास कर्जावांचून घर मिळत नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे. मग प्रश्न उरतो तो कर्ज काढावें कीं नाहीं हा नव्हे, तर काढलेलें कर्ज किती घाईनें फेडावें, हा. आणि त्या घाईंत म्हातारपणची तरतूद मागें पडत असेल तर काय करावें, हा. यावर गेल्या दोन वर्षांत आमच्या घरीं पुष्कळ वाद झाला. तो येथें मांडतों, कारण आमच्यासारखीं घरें वाचकांत थोडीं नसतील.

आमचा थोरला चिरंजीव पुण्यास एका खासगी कारखान्यांत नोकरीस आहे. त्यानें २०२४ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, बँकेकडून चाळीस लक्ष रुपये काढून घर घेतलें. व्याज शेंकडा साडेआठ, मुदत वीस वर्षें, दरमहाचा हप्ता ३४,७१३ रुपये. घर व कर्ज दोन्ही त्याच्या व आमच्या सूनबाईंच्या नांवें. देणें संपेल तेव्हां त्याचें वय एकसष्ट असेल. नोकरी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीं संपावयाची. मधलीं तीन वर्षें हप्ता कोठून द्यावयाचा, हें त्या छापील कागदांत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें.

प्रथम हप्त्याचें पोट उघडून पाहिलें पाहिजे. पहिल्या महिन्याच्या ३४,७१३ रुपयांपैकीं २८,३३३ रुपये व्याजांत जातात. मुद्दलांतून वजा होतात अवघे ६,३८०. पांच वर्षें अशीं गेलीं म्हणजे बँकेच्या पदरीं वीस लक्ष त्र्यायशीं हजारांच्या आसपास पडलेले असतात आणि मुद्दल उरलेलें असतें सव्वापस्तीस लक्ष! हा आंकडा ऐकून आमचे वडील बंधु, दादा, हातांतला अडकित्ता खालीं ठेवून म्हणाले, “ही लबाडी आहे.” लबाडी नव्हे. चाळीस लक्षांवर त्या दरानें महिन्याचें व्याज तितकेंच होतें. कोणीहि त्रैराशिक मांडून पाहावें. वीस वर्षांचें एकंदर व्याज त्रेचाळीस लक्षांवर जातें, म्हणजे मुद्दलाहूनहि अधिक. येथें दादांनीं दामदुपटीचा नियम काढला. नियम खरा आहे. मनुस्मृतींत तो आहे व इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हिंदु ऋणकोंच्या बाबतींत तो मानीतहि असत. परंतु तो एका वेळीं वसूल करावयाच्या थकलेल्या व्याजापुरता आहे; महिन्याचें व्याज महिन्याला चुकतें करणाऱ्यास त्याचा आधार नाहीं. दादांचें समाधान झालें नाहीं, पण विषय पुढें सरकला.

याच हिशेबांत लवकर फेडीचें सामर्थ्यहि दिसून येतें. दर स्थिर धरला तर पहिल्या वर्षाअखेर भरलेल्या जादा एक लक्षानें शेवटचे तेरा-चौदा हप्ते गळून पडतात. तेंच लक्ष पंधराव्या वर्षाअखेर भरलें तर जेमतेम सव्वाचार. पहिल्यापासून दरमहा पांच हजार अधिक भरीत गेल्यास वीस वर्षांचें कर्ज पावणेपंधरा वर्षांत फिटतें व सुमारें तेरा लक्षांचें व्याज वांचतें. शिवाय बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तीकडून घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच बँकांना बजावलें आहे. मात्र जादा रक्कम भरतांना मुदत कमी करावी, हप्ता नव्हे, असें बँकेस लेखी कळवावें.

एवढें ऐकल्यावर कोणाच्याहि अंगीं उत्साह संचरेल. चिरंजीवाच्या संचरला. त्याची योजना अशी : प्रॉव्हिडंट फंडांत जमलेले सहा लक्ष काढावे (घरासाठीं तसें काढण्याची मुभा असते), पी. पी. एफ. मध्यें भरणें बंद करावें, वर्षाचा बोनस सगळा बँकेंत न्यावा, आणि पन्नाशीपर्यंत मोकळें व्हावें. दादांनीं त्याची पाठ थोपटली व आमच्याकडे वळून म्हणाले, “तुमचीहि ठेव मोडा. पोराच्या डोक्यावर कर्ज असतां बापानें ठेवीवर बसावें हें शोभत नाहीं.”

तेव्हां सूनबाई, ज्या आतांपर्यंत पाटीवर आंकडे मांडीत होत्या, एवढेंच म्हणाल्या, “बाबा, पन्नासाव्या वर्षीं घर आपलें झालें. अठ्ठावन्नाव्या वर्षीं पगार थांबला. मग महिन्याचा किराणा कशांतून आणावयाचा?”

दादांपाशीं यास उत्तर नव्हतें, आणि त्याचें कारण दादांच्या बुद्धींत नसून त्यांच्या नोकरींत होतें. दादा तारखात्यांतून निवृत्त झाले, आम्ही अनुदानित शाळेंतून. दोघांसहि जुन्या नियमांचें निवृत्तिवेतन आहे. महागाईबरोबर भत्ता वाढतो, आणि आमच्या पश्चात् आमच्या कुटुंबासहि त्यांतला भाग मिळावयाचा आहे. ज्याच्या वार्धक्याची काळजी सरकारनें वाहिली, त्यानें हातांतली पै न् पै कर्जांत घालून मोकळें व्हावें हें शहाणपणच होतें. तें शहाणपण आमच्या पिढीनें पुढें धर्म म्हणून सांगितलें. परंतु केंद्र सरकारच्या सेवेंत, सेनादलें वगळतां, १ जानेवारी २००४ पासून व महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानें येणाऱ्यांस तें निवृत्तिवेतन बंद झालें. पुढें त्यांत फेरफार झाले, तो विषय निराळा. खासगी नोकरींत तर ते सुख बहुधा नव्हतेंच. तेव्हां ‘आधीं कर्ज, मग सारें’ हा निवृत्तिवेतनधारकांचा मंत्र ज्यांस निवृत्तिवेतन नाहीं त्यांनीं जसाच्या तसा घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कर्जांत घातलेला पैसा भिंतींत जातो. भिंतींतून तो परत काढणें सोपें नाहीं. उद्यां कारखाना बंद पडला तर बँक असें म्हणत नाहीं कीं, गेल्या वर्षीं तुम्हीं तीन लक्ष जादा भरले, तेव्हां हे सहा महिने हप्ता नको. कांहीं बँकांत जादा भरलेली रक्कम गरजेच्या वेळीं उचलतां येईल असें कर्जखातें मिळतें. त्याचा दर बहुधा किंचित् चढा असतो, पण ज्याची नोकरी डळमळीत आहे त्यानें त्याची चौकशी अवश्य करावी. साठीनंतर स्वतःचें राहतें घर बँकेकडे तारण ठेवून दरमहा रक्कम घेण्याची सोयहि राष्ट्रीय आवास बँकेनें २००७ सालीं काढली आहे. पण ज्या गहाणांतून सुटण्यासाठीं माणूस पन्नाशीपर्यंत ऊर फुटेतों धांवला, त्याच गहाणांत सत्तरीला पुन्हा शिरावयाचें, ही कल्पना आमच्या घरीं कोणासच रुचली नाहीं.

आतां दराशीं दर ताडून पाहूं. पी. पी. एफ. वर एप्रिल २०२० पासून शेंकडा ७.१ दर चालत आला आहे. साडेआठाचें देणें असतांना ७.१ चें येणें जमवीत बसण्यापेक्षां देणें फेडावें, हें गणित निर्विवाद. जुन्या करपद्धतींत राहत्या घराच्या व्याजाबद्दल दोन लक्षांपर्यंत वजावट मिळते व त्यामुळें कर्ज थोडें स्वस्त पडतें. चिरंजीव नव्या पद्धतींत आहे, तींत ती वजावट नाहीं. परंतु प्रॉव्हिडंट फंडाची गोष्ट वेगळी. त्याचा २०२४-२५ चा दर सव्वाआठ होता. इकडे २०२५ या एका वर्षांत रिझर्व्ह बँकेनें रेपो दर साडेसहावरून टप्प्याटप्प्यानें सव्वापांचांवर आणला, आणि त्याशीं जोडलेलें चिरंजीवाचें व्याज साडेआठावरून सव्वासातांवर उतरलें. ते सहा लक्ष काढले असते तर सव्वाआठ मिळविणारें धन मोडून सव्वासाताचें देणें फेडण्यासारखें झालें असतें! अर्थात् दर उतरतात तसे चढतातहि. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तोच रेपो दर चारांवरून साडेसहांवर गेला होता, आणि आमच्या शेजारच्या एका गृहस्थांचा हप्ता तोच राहून मुदत मात्र कित्येक वर्षांनीं लांबली. त्यांस पत्ता लागला तो वार्षिक उतारा पाहिल्यावर. अशा वेळीं हप्ता वाढवावयाचा कीं मुदत, हें ऋणकोस विचारावें, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें घालून दिला आहे. विचारलें तरी उतारा वाचावाच.

चिरंजीवाच्या एका स्नेह्याचें म्हणणें याहून निराळें होतें. कर्ज सावकाश फेडावें व उरेल तें शेअरबाजारांतील फंडांत घालावें, तेथें बारा टक्के सुटतात, असें तो सांगे. सुटतात म्हणून सांगणारे आम्हांस पुष्कळ भेटले. सुटतीलच असें लिहून देणारा अद्याप भेटावयाचा आहे. पंधरा-वीस वर्षांच्या अवधींत कांहीं भाग तेथें असावा, यास आमची हरकत नाहीं. पण कर्जाचा हप्ता ठरलेला व तेथील प्राप्ति बेभरंवशाची, हें विसरूं नये.

असो. चिरंजीवाच्या कोड्याची किल्ली सूनबाईंना ‘अठ्ठावन्न’ या आंकड्यांत सांपडली. पन्नाशीलाच मोकळें होण्याचा हट्ट कशास? पगाराबरोबर कर्ज संपलें म्हणजे झालें. वीसाऐवजीं सतरा वर्षांत फेडावयाचें तर हप्ता ३७,१३२ रुपये येतो, म्हणजे दरमहा अवघे २,४१९ अधिक. पांच हजार बाजूला काढण्याची त्यांची ऐपत होती. त्यांतून हे वजा जातां उरलेले २,५८१ पी. पी. एफ. मध्यें. प्रॉव्हिडंट फंडास हात लावावयाचा नाहीं. सहा महिन्यांचा खर्च बँकेंत हाताशीं ठेवावयाचा, आणि कर्त्या माणसाचें बरें-वाईट झाल्यास कर्ज फिटेल एवढा विमा उतरावयाचा. पुढें दर उतरला तेव्हां त्यांनीं हप्ता कमी करून घेतला नाहीं, तोच ठेवला. दर असाच राहिला तर छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास घर मोकळें होईल.

आमच्या ठेवीचा निकाल आमच्या कुटुंबानें लावला. ती ठेव ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत आहे; तिच्यावर ८.२ टक्के व्याज तीन महिन्यांनीं हातीं येतें. “ती मोडून आज त्याचा हप्ता हलका केला,” त्या दादांना म्हणाल्या, “तर उद्यां आपल्या औषधपाण्याला त्याच्याचपुढें हात पसरावा लागेल, भाऊजी. तेव्हां त्याच्या घरीं धाकट्याचें शिक्षण चालू असेल.” म्हाताऱ्यांनीं आपला भार आपण उचलणें हीच मुलाच्या कर्जाला खरी मदत, हा मुद्दा आम्हांस इतक्या थोड्या शब्दांत मांडतां आला नसता. ठेव जागच्या जागीं आहे.

दादा अजून पुरते वळलेले नाहींत. कर्ज असतां झोंप कशी लागते, हा त्यांचा प्रश्न कायम आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्यास खरोखरच झोंप लागत नाहीं त्यानें दोन टक्क्यांचा विचार न करतां अधिक फेडावें. निद्रेचीहि किंमत असते व ती ज्याची त्यानें ठरवावयाची. आमच्या सूनबाईंस उत्तम झोंप लागते. चिरंजीवास लागत नव्हती, म्हणून दिवाळीच्या बोनसांतला निम्मा भाग कर्जांत घालण्याची सवलत त्यास मिळाली आहे. उरलेला निम्मा तिकडे जात नाहीं, याजवर त्यांचें लक्ष असतें.

आणखी एक गोष्ट. कर्ज पुरतें फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांच्या आंत परत करण्याचें बंधन १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर आहे. त्यांच्या दोषानें उशीर झाल्यास दिवसाला पांच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरून पेढे वांटतात आणि कागद बँकेंत तसेच राहतात. कागद मोजून घ्यावे, बेबाकीचा दाखला घ्यावा, आणि सोसायटीच्या दप्तरीं व निबंधकाकडे जेथें जेथें बोजा नोंदलेला असेल तेथून तो कमी करून घ्यावा. कोणते कागद दिले त्याची यादी सूनबाईंनीं कर्ज घेतलें त्याच दिवशीं करून कपाटाच्या दाराला आंतून चिकटवून ठेविली आहे. तींत अकरा नोंदी आहेत.