पंगतीत अडकलेले बाबा

"अरे, ताईच्या लग्नाची सीडी लाव ना. ह्यांचा आवाज ऐकायचाय."

रविवारी सकाळी आईने एवढंच सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण ताईच्या लग्नाच्या दोन व्हीसीडींपैकी दुसरी, म्हणजे नेमकी पंगतीची, कित्येक महिने चहाच्या कपाखाली कोस्टर म्हणून वापरणारा महाभाग मीच!

लग्न 2003 सालचं. मुलाकडचे खोपोलीचे, त्यामुळे हॉल तिकडचा. आमची निम्मी मंडळी कर्जतहून खोपोली लोकलनेच गेली होती, पैठण्या सावरत. तेव्हा उठसूट मोबाइलवर व्हिडिओ काढायची चैन नव्हती. बाबा 2009 मध्ये गेले. त्यांचे फोटो आहेत ढीगभर, पण बोलणारे बाबा फक्त त्या सीडीत, पंगतीत जिलेबीचा आग्रह करताना.

सीडी लावली. पानं मांडली गेली, वरणभात आला, बाबा ताट घेऊन वाकले, "अहो, घ्या हो एक..." आणि चित्राचे चौकोनच चौकोन. प्लेअर घरघरला आणि गप्प झाला. आई काही बोलली नाही. उठून कुकर लावायला गेली. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

मग बसलो सीडी घेऊन. आधी ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण सीडीची नाजूक बाजू आपण समजतो ती नाहीच! चकचकीत बाजूला 1.2 मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लॅस्टिक असतं आणि लेझर त्यातून आरपार वाचतो. खरा मजकूर आणि धातूचा थर असतो वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, लॅकरच्या पातळ पापुद्र्याखाली. तिथे ओरखडा पडून उजेड आरपार दिसला, की तेवढा मजकूर गेलाच. माझं नशीब असं, की कप नावाच्या बाजूवर होता आणि घासली गेली ती खालची, प्लॅस्टिकची बाजू. उजेड कुठूनही आला नाही. हुश्श!

पण मग पंगतच का अडकली? अंतरपाट, सप्तपदी सगळं व्यवस्थित दिसत होतं. उत्तर सोपं आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात मधल्या भोकाजवळ, शेवट काठाला. आमची दुसरी सीडी काठोकाठ भरलेली, म्हणजे पंगत अगदी कडेला. बोटं तिथेच लागतात, टेबलाची धूळही तिथेच घासते. त्यात ही व्हीसीडी. सीडीवर चुका भरून काढायला जादा मजकूर ठेवलेला असतो. डेटा सीडीवर त्याचा आणखी एक थर असतो, पण व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून तोच गाळलेला. म्हणून डेटा सीडी ओरखडे पचवते आणि लग्नाची सीडी चौकोन दाखवते.

आता दुरुस्ती. साबणाचा एक थेंब घातलेलं कोमट पाणी आणि बाबांच्याच जुन्या धोतराचा मऊ तुकडा. पुसायचं मधून काठाकडे, सरळ. गोल गोल अजिबात नाही! मजकूर गोल फिरतो, त्यामुळे गोल ओरखडा एकाच जागचा सलग भाग खातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत चिमूटभरच खातो आणि तेवढं प्लेअर सांभाळून घेतो.

एवढ्याने भागलं नाही. मग पांढरी टूथपेस्ट, जेल नाही. तिच्यातली बारीक पूड प्लॅस्टिकला पॉलिश करते, ओरखड्याच्या धारदार कडा बसतात आणि लेझर कमी भरकटतो. बोटाने हलकेच, पुन्हा मधून काठाकडे, दहा मिनिटं. धुतली, वाळवली. (केळं, पीनट बटर असले सल्ले खूप मिळतात. ते खाण्यासाठीच ठेवा.)

टीव्हीच्या प्लेअरवर अजून अडखळतच होती. ऑफिसातल्या मित्राकडून जुना, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरात एक 'डॅट' फाइल असते, तेच आपलं लग्न. साधी कॉपी मारली तर कॉम्प्युटर एरर दाखवून हात वर करतो. खराब तुकडा सोडून पुढे वाचणारं सॉफ्टवेअर लावलं, वेग सगळ्यात कमी ठेवला. दोनदा फसलं. पुन्हा टूथपेस्ट, पुन्हा धोतर. रात्री साडेअकराला, बाहेर धो धो पाऊस आणि दोनदा लाइट जाऊन झाल्यावर, फाइल एकदाची उतरली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. आईला लॅपटॉपसमोर बसवलं.

"अहो, घ्या हो एक. मुलीचं लग्न रोज रोज असतं का?" पूर्ण वाक्य. मग ते मोठ्ठं हसू.

आई डोळे पुसत म्हणाली, "जिलेबी गार होती त्या दिवशी. मी सांगितलं होतं ह्यांना."

समोरच्या पानावर कोण बसलंय, तो चेहरा मात्र चौकोनांत गेला तो गेलाच. ताई म्हणते खालापूरचे आत्तोबा. आई म्हणते शक्यच नाही, ते रुसून पहिल्याच पंगतीला जेवून गेले होते. फोनवर अजून भांडण चालू आहे.